गाडीच्या पोटात

निळी गाडी. चार चाकं, वर पिवळं झाकण.
नागश्री म्हणाली, हिच्या पोटात सेन्सर हाय.
पोरगं कसं धरालंय, किती हलवालंय,
किती वेळा उलटी करालंय, सगळं लिहून घेती.
मी म्हटलं, दिसत तर काय नाही.
ती हसली. बैलहोंगलची पोर,
तिचं मराठी माझ्या कानडीसारखं,
एकाच पायात चप्पल घालून चालल्यागत.

फॉर्मवर आधीच विचारलं होतं, घरात कुठली भाषा?
लिहिलं, मराठी.
मग सासूबाईंसाठी लिहिलं, कानडी.
मूल कुठली बोलतं, त्या रकान्यात
पेन जरा वेळ टेकवून ठेवलं
आणि एक आडवी रेघ मारली.

वडगावात कारणं तयारच असतात.
दोन भाषा कानावर पडतात म्हणून गप्प.
मागांचा खडखडाट रातदिस, कान बसले असतील.
मंगाईला पिल्लू सोडायचं राहिलंय.
ह्याचा बापही चौथ्या वर्षी बोलला, सासूबाई सांगतात.
खरं बाप हाक मारली की वळायचा,
हेही त्याच सांगतात,
जरा हळू आवाजात.

मी कांड्या भरते.
सूत तुटलं तर बघावं लागत नाही,
बोटाला आधी कळतं, मग डोळ्याला.
तसंच कळलं होतं मला, दीड वर्षामागं,
तो अंगावर पीत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता,
माझ्या खांद्यावरून पंख्याकडं बघत होता.
तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही.
दवाखान्यात म्हणाले, आई, तुम्ही फार विचार करता.
आता गाडी सांगणार म्हटल्यावर
तिघंजण वह्या घेऊन बसलेत.

कल्मेशनं गाडी हातात घेतली.
पळवली नाही. उलटी केली.
एक चाक फिरवलं, त्याला गाल लावला,
थांबलं की परत फिरवलं.
गोकाकची लाकडी गाडी आणली होती यात्रेतून,
तिच्याशीही हेच करायचा,
ती बिचारी काही सांगायची नाही कुणाला.
इथं टेबलावरच्या पडद्यावर
रेघ वर चढत होती, खाली येत होती,
एकसारखी, एकसारखी,
साडीच्या काठावरच्या करवतीसारखी.
खोटं कशाला बोलू, नक्षी म्हणून सुंदर होती.

डॉक्टरबाईंनी समजावलं,
ही गाडी रोगाचं नाव सांगत नाही.
पुढं कुठं बघायचं तेवढं दाखवते.
अजून दोनदा यावं लागेल.
मी मान हलवली.
दोन दिवसांची मजुरी मनात वजा केली.

जाताना नागश्रीनं मला बोलावलं, पडद्याजवळ.
करवतीचे दात सलग चाललेले
आणि मध्येच एका जागी
रेघ सपाट, तीन सेकंद.
इथं काय झालं? मी बघितलं नाही, फोन आला होता.

मी बघितलं होतं.
चाक थांबलं होतं, त्यानं फिरवलं नाही.
माझं बोट धरलं, वर न बघता,
पाना उचलावा तसं उचललं,
आणि चाकावर नेऊन ठेवलं.
मी फिरवलं.
मग त्यानं गाल लावला.

हे चांगलं की वाईट? मी विचारलं.
ती काही बोलली नाही लगेच.
म्हणाली, दुसऱ्याचा हात असा वापरणं,
तेही आम्ही लिहितो.
मग म्हणाली, खरं त्यानं तुमचंच बोट घेतलं,
मी जवळ बसले होते.

गाडीला हे कळलं नव्हतं.
तिनं पेन काढलं, कागदाच्या कडेला
कानडीत एक ओळ लिहिली.
मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं,
बस सुटायची वेळ झाली होती,
तो माझी ओढणी तोंडात घालून दाराकडं ओढत होता.
एकच शब्द लागला.
बेरळु.
बोट.